सिग्नल पूर्ण, डॅशबोर्ड हिरवा, तरी कॉल तुटतात : मग मोजायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तीन मजल्यांचं ऑफिस, प्रत्येक मजल्यावर पाच-सहा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणाऱ्या पेट्या. त्या सगळ्यांना चालवणाऱ्या कंट्रोलरच्या डॅशबोर्डवर सगळं हिरवं, लॅपटॉपवर वायफायच्या दांड्या पूर्ण. तरीही सकाळी अकराच्या सुमारास मीटिंग सुरू झाल्या की व्हिडिओ गोठतो, आवाज तुटतो. पुरवठादार म्हणतो आणखी ॲक्सेस पॉइंट लावा. आणि तुम्ही विचारताय, मॉनिटरिंगसाठी सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं.

सॉफ्टवेअरचं शेवटी बघू. तुमच्याकडे आकड्यांची कमतरता नाही, पण कॉल का तुटला हे ज्या आकड्यांवरून कळेल ते तुमच्या पडद्यावर येतच नाहीत. सध्याचा डॅशबोर्ड सांगतो की ॲक्सेस पॉइंट चालू आहे, त्याला इतके जण जोडलेले आहेत आणि त्यांचा सिग्नल त्याला इतका जोरात येतोय. हे तिन्ही ठीक असताना कॉल तुटू शकतो, कारण वायफायमध्ये बहुतेक वेळा टंचाई सिग्नलची नसते, हवेतल्या वेळेची असते. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं आणि बाकीच्यांनी थांबायचं, असा हा कारभार आहे. ती वेळ कोण खातंय हे मोजल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

तुमची इमारत मी पाहिलेली नाही. भिंती काँक्रीटच्या की नुसती काचेची पार्टिशन, शेजारच्या मजल्यावर कोणाचं नेटवर्क, लॅपटॉप किती जुने, यावर उत्तर बरंच बदलतं. पण तपासाचा क्रम मी सगळीकडे हाच ठेवते.

सगळ्यात आधी दोष वायफायचाच आहे याची खात्री करून घ्या. वायफायच्या नावाने येणाऱ्या बऱ्याच तक्रारींचं मूळ बाहेरच्या इंटरनेट जोडणीत निघतं. कुणी मोठी फाइल वर चढवत असेल तर राउटरमध्ये पॅकेटची, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची, रांग लागते आणि सगळ्यांचेच कॉल अडखळतात. त्यासाठी दोन लॅपटॉप शेजारी ठेवा, एक केबलवर, दुसरा वायफायवर. दोघांवरून एकाच वेळी दोन पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या हाका) चालू ठेवा, एक ऑफिसच्या गेटवेला, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरला, आणि एक बाहेरच्या सर्व्हरला. अकरा वाजता केबलवाल्याचाही बाहेरचा पिंग फुगला तर वायफायला हात लावू नका, जोडणीकडे जा. फक्त वायफायवाल्याचा गेटवेपर्यंतचा पिंग फुगला तर दोष हवेत आहे. पिंगची सरासरी बघू नका, सगळ्यात वाईट आकडे आणि ते किती वेळा आले हे बघा. आणि ही चाचणी मोबाइलवरून करू नका. वीज वाचवण्यासाठी मोबाइलचा रेडिओ मधूनमधून झोपतो, त्यामुळे नेटवर्क ठणठणीत असलं तरी पिंग वर-खाली होतो.

स्पीड टेस्टबद्दल एक सांगून टाकते, कारण ती तुम्ही केली असणारच. ती थोडा वेळ पाइप पूर्ण भरून किती माल गेला ते सांगते. कॉलला माल फार लागत नाही, तो वेळेवर लागतो. आवाजाची पॅकेट साधारण दर २० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ५० निघतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषणाला बहुधा त्रास होत नाही. पॅकेटगळती १ टक्क्याच्या आत आणि जिटर, म्हणजे पॅकेट येण्याच्या वेळेतला चढउतार, ३० मिलिसेकंदांच्या आत, हा बहुतेक नेटवर्कवाल्यांचा ठोकताळा. स्पीड टेस्ट ३०० मेगाबिट दाखवत असताना यातलं काहीही बिघडलेलं असू शकतं.

आता दांड्या. दांड्या म्हणजे काय हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, म्हणून त्यांच्याकडे न बघता डीबीएम या सिग्नलच्या शक्तीच्या एककातला आकडा बघा (शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार). मॅकवर ऑप्शन की दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की सिग्नल, नॉइज (हवेतला गोंगाट), चॅनल आणि लिंकचा वेग असं सगळं उघडतं. डीबीएमचं गणित लॉगरिदमचं आहे : ३ ने फरक पडला की शक्ती दुप्पट किंवा निम्मी, १० ने पडला की दहापट. त्यामुळे −६० आणि −९० मधला फरक हजारपट आहे. आवाजासाठी डिझाइन करताना −६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला सिग्नल धरायची पद्धत आहे, आणि सिग्नल-नॉइजमधलं अंतर किमान २५ डीबी. मात्र वेगवेगळ्या उपकरणांचं सिग्नलचं माप एकसारखं कॅलिब्रेट केलेलं नसतं. एकाच टेबलावर ठेवलेले दोन फोन पाच-सहा डीबीचा फरक सहज दाखवतात. म्हणून मोजायला शक्यतो एकच उपकरण वापरा, आणि ते ऑफिसातल्या सगळ्यात कमकुवत रेडिओचं असू द्या. भारी लॅपटॉपने केलेला सर्व्हे भारी लॅपटॉपवाल्यांपुरताच खरा.

नॉइजची बाजू लोक विसरतात. २० मेगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये निव्वळ उष्णतेचा नॉइज −१०१ डीबीएमच्या आसपास असतो, त्यात रिसीव्हरची स्वतःची भर पडून प्रत्यक्षात −९५ च्या जवळ आकडा येतो. चॅनलची रुंदी दुप्पट केली की नॉइज ३ डीबीने चढतो. म्हणजे वेग वाढेल म्हणून कुणी ८० मेगाहर्ट्झ लावून ठेवलं असेल तर २० च्या तुलनेत ६ डीबी तिथेच गेले, वर वेगळे चॅनलही कमी उरले. पंधरा-सोळा ॲक्सेस पॉइंटच्या ऑफिसात ८० मेगाहर्ट्झ दिसलं की मी आधी ते २० किंवा फार तर ४० वर आणते, मग पुढचं बघते.

आता मूळ मुद्दा, हवेतला वेळ. हा आकडा मिळवणं वाटतं तितकं अवघड नाही, ॲक्सेस पॉइंट बहुधा तो स्वतःच जाहीर करत असतात. लॅपटॉपचं वायफाय कार्ड मॉनिटर मोडमध्ये (हवेतलं सगळं नुसतं ऐकण्याच्या अवस्थेत) टाका, वायरशार्क हे पॅकेट वाचणारं सॉफ्टवेअर चालू करा आणि एखादी बीकन फ्रेम, म्हणजे ॲक्सेस पॉइंटची ‘मी इथे आहे’ अशी हाक, उघडा. त्यात क्यूबीएसएस लोड नावाचा छोटा भाग असतो. पहिला आकडा जोडलेल्या उपकरणांचा. त्याखाली चॅनल युटिलायझेशन, ० ते २५५ या मापात. समजा तिथे १७८ दिसले. १७८ भागिले २५५, म्हणजे जवळपास ७० टक्के वेळ त्या ॲक्सेस पॉइंटला चॅनल व्यापलेला दिसतोय. जोडलेली उपकरणं मात्र फक्त ९. हे दोन आकडे एकत्र दिसले की मला पुढची दिशा कळते : वेळ खाणारे हे ९ जण नसावेत, दुसरं कोणीतरी आहे.

दुसरं कोणीतरी म्हणजे पुष्कळदा तुमचेच बाकीचे ॲक्सेस पॉइंट. गणित करून बघा. प्रत्येक नेटवर्कच्या नावासाठी बीकन साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी जातो, आणि तो सगळ्यात खालच्या वेगाने जातो, म्हणजे सगळ्यांना समजतो. २.४ गिगाहर्ट्झवर जुना १ मेगाबिटचा वेग चालू ठेवला असेल तर ३०० बाइटच्या बीकनला सुमारे २.६ मिलिसेकंद लागतात, म्हणजे दर नावामागे अडीच टक्के वेळ. आता ऑफिसचं, पाहुण्यांचं, प्रिंटरचं आणि फोनचं अशी चार नावं धरा, आणि एकाच चॅनलवरचे तीन ॲक्सेस पॉइंट एकमेकांना ऐकू येताहेत असं धरा. बारा बीकन, ३० टक्के वेळ खलास, आणि अजून कुणी एक ईमेलही पाठवलेला नाही! तेच ५ गिगाहर्ट्झवर ६ मेगाबिटने पाठवलं तर सगळं मिळून ५ टक्के लागतात. म्हणून जुने वेग बंद करणं आणि नावं कमी करणं, ही कामं नवीन खरेदीच्या आधीची. अर्थात १ मेगाबिटवरच चालणारं एखादं जुनाट यंत्र कुठे जोडलेलं असेल तर ते बंद पडेल, तेवढं आधी तपासा.

वेळ खाणारा दुसरा गडी म्हणजे लांब बसलेलं, कमी वेगावर उतरलेलं उपकरण. १५०० बाइटचं पॅकेट ६०० मेगाबिटने २० मायक्रोसेकंदांत जातं, ६ मेगाबिटने त्यालाच २ मिलिसेकंद लागतात, शंभरपट. दोघांनी डाउनलोड केलेला माल सारखाच असला तरी एकाने हवा शंभरपट अडवली. सर्वाधिक वापर करणाऱ्यांची यादी मेगाबाइटवर लावणारे डॅशबोर्ड या माणसाला कधीच पकडत नाहीत. यादी एअरटाइमवर, म्हणजे हवेतल्या वेळेवर, लावता येत असेल तर तशी लावा, नावं सगळी बदलतील.

तिसरा, रिट्राय. पाठवलेल्या फ्रेमची पोच आली नाही की ती पुन्हा पाठवली जाते आणि तिच्या हेडरमध्ये रिट्रायचा बिट १ होतो. वायरशार्कमध्ये एका लॅपटॉपच्या फ्रेम निवडून खाली सरकत जा. तोच अनुक्रमांक तीन-चार ओळी दिसतो, पहिली सोडून प्रत्येक ओळीत रिट्राय १, आणि वेगाच्या रकान्यात आकडा पायऱ्या उतरत जातो. चौथ्या ओळीनंतर एकदाची पोच येते. वापरणाऱ्याला हे पॅकेटगळती म्हणून दिसतच नाही, कारण पॅकेट शेवटी पोचलं. दिसतो तो जिटर. माझा ठोकताळा असा की रिट्राय १० टक्क्यांच्या आत असला तर झोप लागते, २० च्या पुढे गेला तर कारण शोधायलाच हवं. एक पथ्य मात्र पाळा : कॅप्चर करणारं कार्ड समोरच्या उपकरणाइतकंच नवं असलं पाहिजे आणि त्याच्या जवळ ठेवलं पाहिजे. जुन्या कार्डाला नव्या वेगाच्या फ्रेम वाचताच येत नाहीत. मग फक्त बीकन आणि पोच दिसतात आणि रिट्रायचा आकडा भलताच निघतो.

लिनक्सचा लॅपटॉप हाताशी असेल तर आयडब्ल्यू या कमांडचा सर्व्हे डंप बघा. सगळे ड्रायव्हर देत नाहीत, पण देत असतील तर त्या चॅनलवर रेडिओ किती मिलिसेकंद होता, त्यातले किती व्यग्र गेले, किती वायफाय ऐकण्यात आणि किती पाठवण्यात, असे चार आकडे मिळतात. व्यग्र वेळातून ऐकण्याचा आणि पाठवण्याचा वेळ वजा केला आणि बरंच काही उरलं, तर हवेत वायफाय म्हणून न वाचता येणारं काहीतरी आहे. मायक्रोवेव्ह, वायरलेस कॅमेरा, किंवा अर्धवट अंगावर येणारा शेजारचा चॅनल. अशा वेळी वायरशार्क हतबल, हवेतली सगळी रेडिओ ऊर्जा दाखवणारा स्पेक्ट्रम ॲनालायझरच लागतो. त्याआधी महागडा ॲनालायझर भाड्याने आणू नका, बहुतेक ऑफिसांत ती वेळच येत नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर : आधी केबल आणि वायफाय वेगळं काढा, मग सिग्नल-नॉइज एकाच उपकरणाने बघा, मग चॅनल किती व्यापलाय आणि रिट्राय किती ते बघा. आता प्रश्न असा की हे सगळं घडत असताना तुमचा डॅशबोर्ड हिरवा कसा राहतो?

बहुधा तो दर पाच मिनिटांनी एसएनएमपीने (उपकरणांना आकडे विचारायची ठरलेली पद्धत) आकडा उचलतो आणि सरासरी दाखवतो. समजा ३०० सेकंदांपैकी १५ सेकंद चॅनल १०० टक्के भरला आणि उरलेला वेळ १० टक्क्यांवर होता. सरासरी येते १४.५ टक्के. हिरवा! पण त्या १५ सेकंदांत मीटिंगमधल्या सगळ्यांचा आवाज गेला. अकरा वाजता सगळे एकदम कॉलवर चढतात तेव्हा असेच छोटे उंचवटे येतात. म्हणून नमुने १० ते ३० सेकंदांवर आणा. जमत नसेल तर निदान त्या पाच मिनिटांतला कमाल आकडा आणि ९५ वा पर्सेंटाइल (९५ टक्के नमुने ज्याच्या आत येतात तो आकडा) साठवा. सगळ्याच ॲक्सेस पॉइंटवर इतकं बारीक मोजलं तर कंट्रोलर दमतो. तक्रारी येतात त्या दोन-तीन ॲक्सेस पॉइंटपुरतंच करा, आठवडाभर.

दुसरी उणीव दांड्यांची, त्या फक्त पॉइंटकडून येणारा सिग्नल मोजतात. ॲक्सेस पॉइंट जोरात बोलतो, फोन-लॅपटॉप हळू बोलतात. पॉइंट २० डीबीएम किंवा त्याहून जास्त शक्तीने पाठवत असेल आणि फोन १२-१५ ने, तर फोनवर दांड्या पूर्ण दिसतात, पण त्याचं बोलणं वर धड पोचत नाही. ‘तुमचा आवाज तुटतोय’ असं समोरचा म्हणतो आणि इकडे सगळं छान ऐकू येतं, अशी तक्रार आली की मी आधी शक्तीचं सेटिंग बघते. उपाय उलटा वाटतो पण तोच आहे : पॉइंटची शक्ती फोनच्या पातळीला उतरवा.

शक्ती जास्त ठेवण्याचा आणखी एक तोटा म्हणजे उपकरणं जुन्या पॉइंटला चिकटून राहतात. कोणत्या पॉइंटवर जायचं हे उपकरण ठरवतं, कंट्रोलर नाही, तो फार तर सुचवतो. ॲपलने आपले आकडे जाहीर केलेत : आयफोन −७० डीबीएमला नवा पॉइंट शोधायला लागतो, मॅक −७५ ला. बाकीच्यांचं ज्याचं त्याला माहीत. माणूस खालच्या मजल्यावरून वर आला तरी जुन्या पॉइंटचा सिग्नल −६८ येत असेल तर आयफोन हलणार नाही. आणि हलला तरी, पासवर्डऐवजी सर्व्हरवरून ओळख पटवणारी सुरक्षा असेल तर पूर्ण प्रक्रियेला काहीशे मिलिसेकंद, कधी जास्तही लागतात. ८०२.११आर ही झटपट पॉइंट बदलायची सोय चालू असेल तर हे बरंच आटोक्यात येतं. कॉल चालू ठेवून जिन्यावरून चालत जा आणि पिंगमध्ये किती ओळी गळतात ते मोजा. त्या एका फेरीतून हे सगळं दिसतं.

एक शक्यता मी नेहमी लॉगमध्ये शोधते, कारण ती पाच मिनिटांच्या आलेखात कधीच सापडत नाही. ५ गिगाहर्ट्झचे ५२ ते १४४ हे चॅनल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. रडार दिसल्याचं वाटलं तर ॲक्सेस पॉइंटने १० सेकंदांत चॅनल सोडायचा आणि ३० मिनिटं परत यायचं नाही, असा नियम आहे. नवा चॅनलही याच पट्ट्यातला असेल तर आधी साधारण ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. काही पॉइंट खरं रडार नसतानाही दचकतात. लॉगमध्ये रडारची नोंद आणि कॉल तुटल्याची वेळ जुळली तर त्या पॉइंटला हा पट्टा बंद करून टाका. पण जुळवायचं तर सगळ्यांची घड्याळं एक हवीत, म्हणून कंट्रोलर, स्विच आणि लॅपटॉप एनटीपीवर (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची सोय) आहेत ना ते आजच बघा. विंडोजवर वायफायचा रिपोर्ट काढायची सोय आहे, नेटएसएच कमांडमधून तो निघतो आणि मागच्या तीन दिवसांतल्या जोडण्या-तुटण्या वेळेसकट दाखवतो. तक्रार करणाऱ्याकडून ‘नेट चालत नाही’ ऐवजी वेळ आणि बसायची जागा एवढंच लिहून घ्या.

मग आणखी ॲक्सेस पॉइंट लावायचे का? तुमच्या बाबतीत सिग्नल पूर्ण आहे, म्हणजे व्याप्ती आहे. नवे पॉइंट त्याच चॅनलवर आले तर बीकनही वाढतील आणि एकमेकांना थांबवणंही. २.४ गिगाहर्ट्झवर तर एकमेकांत न घुसणारे चॅनल १, ६ आणि ११ एवढेच, तिथे मी निम्म्या पॉइंटचे २.४ चे रेडिओ बंद करायलाच सांगते. चॅनल ३ किंवा ४ मोकळा दिसतोय म्हणून तिथे कुणी बसवला असेल तर तो १ आणि ६ दोघांनाही बिघडवतो आणि स्वतःही सुखी राहत नाही. नवा पॉइंट हवाच अशी एक परिस्थिती आहे : रुंदी कमी केली, नावं कमी केली, जुने वेग काढले, आणि तरीही मोठ्या मीटिंग रूममध्ये चॅनल स्वतःच्याच वापरकर्त्यांनी भरतोय. मग तिथे वेगळ्या चॅनलवर, कमी शक्तीचा एक लावा.

बदल एका वेळी एकच करा आणि मध्ये कामाचे दोन-तीन दिवस जाऊ द्या. सगळं एकदम बदललं आणि सुधारलं तर कशाने सुधारलं ते कळत नाही. बिघडलं तर मात्र सगळंच मागे घ्यावं लागतं.

राहिलं सॉफ्टवेअर. नावं सुचवत नाही, कारण तुमच्या कंट्रोलरशी काय जुळतं त्यावर ते ठरेल. बघायचं ते असं : एअरटाइम आणि रिट्राय प्रत्येक उपकरणागणिक दाखवतं का, नमुने ३० सेकंदांच्या आत घेता येतात का, बारीक आकडे निदान दोन आठवडे ठेवतं का की रात्री सरासरी करून टाकतं. शंभरपैकी अमुक गुण असा ‘आरोग्य निर्देशांक’ दाखवत असेल तर त्याचं सूत्र मागा. सूत्र देत नसतील तर तो रकाना झाकून ठेवलेला बरा. आणि टेबलावर बसून, खऱ्या लॅपटॉपसारखं जोडून, दर मिनिटाला गेटवेला आणि बाहेर चाचणी घेणारा छोटा सेन्सर त्यासोबत चालतो का हे विचारा. अशा दोन-तीन सेन्सरवर मी दहा आलेखांपेक्षा जास्त भरवसा ठेवते. जुना लॅपटॉप आणि एक स्क्रिप्ट यांवरही हे काम भागतं.

चाचणीसाठी सॉफ्टवेअर लावून देतील तेव्हा पुरवठादाराला तुमच्या वहीतली एक नोंद द्या, अमक्या दिवशी अकरा वाजून चार मिनिटांनी तुटलेला अमक्या लॅपटॉपचा कॉल. तो कोणत्या पॉइंटवर होता, चॅनल किती भरला होता, रिट्राय किती होता, हे त्यांना तुमच्यासमोर पडद्यावर काढून दाखवता आलं तरच पुढचं बोला.